ऐकून घेणारं घर

पहाटे 5.30

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. चिखलीत या दिवसांत पहाटे चांगलाच गारठा असतो. मी उठते, पाणी तापायला ठेवते, ज्वारीचं पीठ काढते. पोरं झोपलेली असतात आणि मी त्यांना झोपू देते. आमच्या गल्लीत पहाटे पाचला मुलांना उठवून पाठांतराला बसवणारी घरं आहेत. त्यांची तळमळ मला कळते, पण डोळ्यांवर झोप असलेलं मूल पाठ करतं ते दुपारपर्यंत विसरतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, असं डॉक्टर सांगतात. माझी मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. दोघं रात्री साडेनवाच्या आसपास झोपतात, म्हणजे साडेसहाच्या आत हाक मारायचीच नाही. घरानं अभ्यासासाठी करायची पहिली गोष्ट ही, आणि तिला काही खर्च येत नाही.

सकाळी 6.45

ताटं मांडायचं काम धाकट्याचं. घरात माणसं सहा. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तीन भाकरी, सासूबाई, हे आणि मी दोन-दोन, पोरांना एकेक. किती भाकरी टाकू, हे त्यानं मला सांगायचं. तो बोटं मोजतो, अडतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि "अकरा!" म्हणून ओरडतो. मी अकराच टाकते. एखाद्या दिवशी त्यानं दहा सांगितल्या तर दहाच होतात आणि एका ताटात कमी पडते. मग तो आपणच शोधतो, कुणाची मोजायची राहिली. वहीत चुकलेल्या बेरजेवर लाल फुली येते. इथं ती चूक आबांच्या अपुऱ्या ताटातून कळते. पाहुणे येणार असले की तो आदल्या रात्रीच हिशेब मांडून ठेवतो.

हे सगळं फार तर पाच मिनिटांचं काम. "पोरांकडे बघायला वेळच भेटत नाही" असं माझ्याजवळ बोलणाऱ्या बायांना मी याच पाच मिनिटांबद्दल सांगते. वेगळा वेळ काढायचाच नाही. जे काम होणारच आहे त्यात मुलाला घ्यायचं, एवढंच.

सकाळी 8.00

हे बाजार समितीत मापारी आहेत. सोयाबीनचा हंगाम अजून सरलेला नाही, त्यामुळे यांचा दिवस लांब. मोबाईलवर आदल्या दिवशीचे भाव आलेले असतात. ते मुलगी मोठ्यानं वाचते: किमान, कमाल, सर्वसाधारण. सोयाबीन, तूर, हरभरा, मका. धाकटा नुसती पिकांची नावं वाचतो. आबा पायरीवर बसून ऐकतात आणि मधेच विचारतात, "परवा किती होता वं?" मग मुलगी परवाचा आकडा आठवते, वजाबाकी करते आणि किती चढला, किती उतरला ते सांगते. आबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना भाव ठाऊक नसतो असं नाही, त्यांनी तो चौकातून आधीच ऐकलेला असतो. तरी ते विचारतात.

सकाळी 9.30

दप्तर ज्याचं त्यानं भरायचं. पाण्याची बाटली, पुस्तक, शिसपेन्सिल. काही राहिलं तर मी शाळेत पोचवायला जात नाही. दहाला शाळा भरते.

सकाळी 10.30

शिवणयंत्रावर बसते. पुढच्या महिन्यातल्या लग्नांचे ब्लाउज आलेत. या कामानं माझ्या मुलीला अपूर्णांक शिकवले. ब्लाउजच्या कटिंगला छातीच्या मापाचा चौथा भाग लागतो. 32 चा चौथा भाग 8, हे तिला चटकन आलं. 34 ला ती अडली. "आठ चोक बत्तीस, वर दोन उरले, त्या दोनाचं काय करू?" मी टेप तिच्या हातात दिली आणि कामाला लागले. तिनं चौतिसावर चिमूट धरून टेप दुमडली, परत दुमडली, आणि घडी साडेआठवर आली. दोनाचे चार भाग म्हणजे अर्धा-अर्धा, हे तिच्या बोटांना आधी कळलं, वहीत मागून आलं. रविवारी ती आता माझ्यासाठी मापं काढून देते.

काम करताना मला ताराबाई शिंदे फार वेळा आठवतात. बुलढाण्याच्या. इथून एसटीनं तासाच्या आतलं गाव. 1882 साली त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं गेलं. बाईनं पुरुषांच्या न्यायाला इतकं रोखठोक विचारलेलं पुस्तक तेव्हा मराठीत नव्हतं. त्या शिकल्या घरी. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे. त्यांनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी घरातच शिकवलं. दीडशे वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यातला एक बाप कचेरीतून घरी येऊन मुलीशी पुस्तकांबद्दल बोलत होता. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्यांच्या आईला येत होतं का वाचता?" मला माहीत नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता. घरात शिकवणारं एक माणूस असलं तरी ते ज्यांच्या कानावर पडतं अशी माणसं आणखी असतात, आणि त्यांचंही शिक्षण होतच असतं.

दुपारी 12.30

आज माता गटाची बैठक. राज्यात 2022 साली 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं, तेव्हापासून वस्तीवस्तीत आयांचे असे गट आहेत. पहिलीत जाणाऱ्या मुलांचा शाळेत मेळावा भरतो, सात टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर मूल उड्या मारतं, एकावर वस्तूंचे गट करतं, एकावर चित्र पाहून गोष्ट सांगतं; शेवटच्या टेबलावर आईला सांगतात की घरी काय काय करता येईल. मग आठवड्याच्या आठवड्याला आयडिया कार्ड येतं आणि गटातल्या बाया मिळून ते करून बघतात. केंद्राचं निपुण भारत अभियान जुलै 2021 मध्ये सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे 2026-27 पर्यंत गाठायचं त्याचं ध्येय. कागदावर ते दिल्ली-मुंबईचं आहे. प्रत्यक्षात ते अंगणवाडीच्या ओट्यावर, सतरंजीवर, तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या बायांच्या हातात आहे.

गटातल्या एका बाईनं मागे मला विचारलं होतं, "मले वाचता येत नाही. पोरगं पुस्तक घेऊन बसते, तोंड हालवते. तो खरं वाचते का खोटं, मले काय कळते?" अशा घरांची संख्या थोडी नाही, आणि ही आई आपण पोराच्या काही कामाच्या नाही असं धरूनच चालते. मी म्हटलं, "त्याचं झालं की पुस्तक बंद करा अन् त्याले विचारा, सांग बरं काय झालं. धडाधड सांगितलं तर वाचलं. चाचपडला तर म्हणा, मले समजलं नाही, पुन्हा वाच."

आज तिचं पोरगं सोबत होतं. त्यानं तहानलेल्या कावळ्याची गोष्ट वाचली. मडक्यात पाणी तळाला, कावळ्यानं खडे टाकले, पाणी वर आलं, कावळा पिऊन उडाला. पुस्तक बंद झालं. पोरानं गोष्ट सांगितली. मग ती म्हणाली, "खडे टाकल्यावर पाणी वर काहून आलं?"

कार्डावर हा प्रश्न नव्हता. पोरगं गप्प झालं, आम्हीही झालो. अंगणवाडीतला स्टीलचा गिलास आणला, त्यात दोन बोटं पाणी घातलं आणि पोरं अंगणातले खडे आणून टाकायला लागली. गिलास खड्यांनी काठोकाठ भरला, पण पाणी काही वर आलं नाही; खड्यांच्या फटींत खालीच राहिलं. "कावळा खोटा!" एक पोरगी म्हणाली. मग कुणीतरी गिलास रिकामा करून अर्ध्याच्या वर पाणी घातलं, पुन्हा खडे टाकले, आणि या वेळी पाणी काठावर येऊन सांडलं. त्यावर बायांमध्येच वाद लागला. एकीचं म्हणणं, मोठे खडे घेतले तर येईल. दुसरी म्हणाली, रेती टाकून पाहा. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिच्या एका प्रश्नानं ओट्यावरची सगळी पोरं आणि सगळ्या बाया अर्धा तास कामाला लागल्या. मडक्यात आधीच पुरेसं पाणी असेल तरच कावळ्याची युक्ती चालते, हे पुस्तकात लिहिलेलं नाही; ते आज आमच्या पोरांना ठाऊक झालं.

1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली. पुढे वस्तीतल्या अंगणात मुलं जमवून त्यांनी अंगणवाडी चालवली, कोसबाडला आदिवासी पाड्यांत काम केलं. महागडी खेळणी बाजूला ठेवून बिया, पानं, खडे, शिंपले वापरले. आमच्या ओट्यावरच्या खड्यांची जातकुळी तीच.

निघताना एकजण म्हणाली, मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतो. मी तिला एकच विचारलं: घरी येऊन तो जे सांगेल ते तुला समजेल का? तो तुला सांगू शकेल का? माझं मत मी लपवत नाही. लहानपणी शाळेची भाषा आणि घरची भाषा एक असली की आई, आजी, आजोबा सगळे शिक्षणात राहतात. भाषा बदलली की त्या दिवशी सगळे एकदम अडाणी ठरतात आणि उरते फक्त शिकवणी. इंग्रजी विषय म्हणून चांगली शिकावी, खूप शिकावी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत, जमेल तिथं, मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलंय.

दुपारी 3.00

दोन ब्लाउजांना हुक, एक फॉल-पिकोच्या साडीबरोबर द्यायचा आहे. दुपार यातच जाते.

संध्याकाळी 5.15

पोरं येतात. हातपाय धुणं, मुरमुरे-शेंगदाणे, आणि बाहेर. "अभ्यास किती दिला?" हा प्रश्न या वेळेला आमच्या घरात कुणी विचारत नाही. अंधार पडेपर्यंत खेळायचं. खेळताना भांडणं होतात, नियम ठरतात, मोडतात, पुन्हा ठरतात. तेही शिकणंच आहे.

संध्याकाळी 6.45

दिवा लागला की परवचा. आबांना पावकी, निमकी, दिडकी अजून तोंडपाठ आहे. ते म्हणतात, पोरं मागून म्हणतात. नुसत्या घोकंपट्टीवर माझा विश्वास नाही, पण आबा पाढा म्हणता म्हणता मधेच थांबतात आणि विचारतात, "दीड क्विंटलचे आठ ढीग, तं किती?" तेव्हा दिडकी कशासाठी पाठ करायची ते पोरांना कळतं.

धाकट्याच्या आकड्यांवरून आमच्याकडे सुरुवातीला गोंधळ झाला होता. 2019 पासून बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसबरोबर 'वीस एक' असंही म्हणायची पद्धत आली. तेव्हा राज्यभर त्यावर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी कारण साधं दिलं होतं: 'वीस एक' म्हटलं की आकडे ज्या क्रमानं लिहायचे त्याच क्रमानं ऐकू येतात. आबांना ते रुचलं नाही. पण मुलगा सत्तावन्न आणि पंच्याहत्तर यांच्यात अडकला, तेव्हा त्यानं स्वतःच "पन्नास सात" म्हणून पाहिलं आणि बरोबर लिहिलं. आबा आता सत्तावन्न म्हणतात, नातू पन्नास सात म्हणतो, आणि दोघं एकमेकांचं तपासतात.

संध्याकाळी 7.30

आता वह्या. माझा नियम असा की पेन्सिल माझ्या हातात येत नाही. मी शेजारी बसते, काज-बटण करते. धाकटा बोट ठेवून वाचतो. शब्दावर अडला की मी लगेच सांगत नाही. मनात पाचपर्यंत मोजते. बहुतेक वेळा तेवढ्यात तो वाक्यावरून ओळखतो. नाहीच जमलं तर सांगते आणि ते वाक्य पहिल्यापासून परत वाचायला लावते, म्हणजे अर्थ तुटत नाही.

तो 'पानी' लिहितो, कारण आमच्या घरात सगळे पानीच म्हणतात. यावरून पोरांना वर्गात हसू येतं, आणि ज्याला हसले ते पोरगं पुढे तोंड उघडत नाही. मी त्याला सांगितलंय, बोलताना आजीसारखं पानी म्हण, लिहिताना पुस्तकासारखं पाणी लिही. घरच्या बोलीत चूक काही नाही. 'मले', 'तुले', 'काहून' म्हणणाऱ्या पोराकडं सांगायला ढीगभर गोष्टी असतात. त्या आधी बाहेर येऊ द्याव्यात, 'ण'चं मागून बघू.

मुलगी अर्धा तास मोबाईलवर 'किशोर' वाचते. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीनं फुकट वाचायला ठेवलेत. मोबाईल मात्र चटईवर, सगळ्यांच्या मधे. कोपऱ्यात घेऊन जायचा नाही. आणि हा नियम मोठ्यांनाही आहे.

रात्री 8.30

हे येतात. कपड्यांना सोयाबीनची धूळ. जेवणं झाल्यावर यांनी खिशातून दिरांची हिशेबपट्टी काढली. त्यांचा थोडा माल हमीभावानं गेला होता. मुलीपुढे ठेवली आणि रकमेवर अंगठा धरला. "वजन 4 क्विंटल 60 किलो, भाव 5328. काकाचे किती झाले, काढ."

चार क्विंटलचे तिनं लगेच काढले: 21,312. साठ किलोपाशी ती थांबली. 5328 ला 60 नं गुणून शंभरनं भागायचं, हे तिला शाळेत शिकवलंय, पण तिनं वेगळी वाट धरली. अर्ध्या क्विंटलचे 2664. राहिले दहा किलो. म्हणजे क्विंटलचा दहावा भाग, 532 रुपये 80 पैसे. दोन्ही मिळून 3196 रुपये 80 पैसे. सगळे मिळून 24,508 रुपये 80 पैसे. यांनी अंगठा काढला. आकडा तोच.

मग यांनी विचारलं, "असं काहून केलं?" चूक काढायला नव्हे, यांना खरंच ऐकायचं होतं, कारण काट्यावर उभं राहून मनातल्या मनात हेही असंच करतात आणि आजवर कुणी यांना त्याबद्दल विचारलं नव्हतं. मुलगी समजावून सांगू लागली. अर्धा का आधी घेतला, दहा किलो का सोपे. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की 75 किलोला पाऊण घ्यावा लागेल, आणि ती आबांकडे वळली, "आबा, ती पाऊणकीच ना?" हे नववी नापास. पण बापाला समजावून सांगताना मुलीला जे समजतं, ते कुठल्याही शिकवणीत विकत मिळत नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

रात्री 9.00

अंथरुणं पडली. सासूबाई गोष्ट सांगतात. आज जिजाऊंची, सिंदखेडराजाच्या वाड्यातली. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे गोष्टीत वाडा आला की पोरं "आपण पाह्यला तोच ना?" म्हणतात, 12 जानेवारीच्या जन्मोत्सवाला आम्ही गेलो होतो. सासूबाई मधे थांबून "मंग?" विचारतात आणि पुढची गोष्ट धाकटा सांगतो. कधी कधी ती भलतीकडेच जाते. सासूबाई ती तशीच पुढे नेतात.

एवढ्यात दिरांचा फोन आला. गावाकडे कापूस फुटलाय, वेचायला बाया भेटत नाहीत. "पोरीले दोन दिवस पाठवून दे, शुक्रवार-शनिवार. सहावीत काय एवढं बुडते?" दिरांची अडचण खोटी नाही, पाऊस आला तर उभा कापूस भिजेल, आणि मजुरी त्यांना परवडत नाही. आमच्या भागात मुलींची शाळा अशीच सुटत जाते. कुणी ती बंद करत नाही. आधी दोन दिवस वेचणीचे, मग आठ दिवस सोंगणीचे, मग धाकट्या भावाला सांभाळायचे. वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालू असताना दोन दिवस गेले की पुढचे पंधरा दिवस पोरगी नुसती फळ्याकडे बघत बसते, आणि मग तिलाच वाटायला लागतं की आपल्याला गणित जमत नाही.

मुलगी पांघरुणातून ऐकत होती. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"दादा," हे फोनवर म्हणाले, "तिची शाळा आहे. रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही सगळेच येतो. मी, ही, आबा, पोरं, सगळे. संध्याकाळपर्यंत वेचू तेवढा वेचू. शुक्रवारी-शनिवारी मी समितीतल्या दोन बाया पाहून देतो, मजुरी आपण वाटून घेऊ."

दीर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. येताना थैल्या घेऊन या."